वरकस जमिनीचे माती परीक्षण : नमुना आणि निकाल

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके होत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. आणि तोच पाऊस उतारावरून धावत जाताना शेताची माती व मातीतील कस आपल्याबरोबर घेऊन जातो. या भागातील शेतकऱ्याची जमीन सामान्यतः तीन प्रकारची असते. दरीच्या तळाशी, पाणी साठते तेथे, भाताची खाचरे. त्यांच्या वर उताराची वरकस जमीन, जीत नागली, वरई, उडीद व खुरासणी ही पिके फेरपालटाने घेतली जातात. आणि सर्वांत वर मुरमाड माळ. एकाच घरची जमीन या तिन्ही ठिकाणी विखुरलेली असणे यात नवल नाही.

जव्हार तालुक्यातील वांगणी हे अशाच जमिनीवर जगणारे गाव. मध्य रेल्वेवरील वांगणी स्थानकाशी त्याचा संबंध नाही. 1992-93 साली वावर-वांगणी येथे कुपोषणामुळे बालके दगावली, तेव्हा या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या दुःखद घटनेमागे रोजगार, आरोग्यसेवा, रस्ते, शिधावाटप अशी अनेक कारणे होती. माती परीक्षणाने कुपोषण दूर होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या घराचे वर्षाचे धान्य एकरभर नागलीवर आणि थोड्या भातावर अवलंबून असते, त्या घरी खताची एक गोणी चुकीच्या जागी पडली तर ती चूक थेट कणगीत दिसते. म्हणून ज्याची जमीन थोडी व हलकी, त्यालाच माती परीक्षणाची गरज अधिक आहे.

पुष्कळ शेतकरी बंधू विचारतात, "माती दिली, कागद आला, पण त्या कागदावर विश्वास कितपत ठेवावा?" हा प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेत मातीचे काय होते, आणि निकाल खरा ठरण्यासाठी आपल्या हातून काय व्हावे लागते, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

खडकात आहे, पिकाला मिळत नाही

आपल्या भागातील डोंगर काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्ट खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या तप्त लाव्हाचे थर एकावर एक निवून हा खडक बनला. त्यात चुना, मॅग्नेशियम व लोह विपुल असते. स्फुरदही थोडा असतो. हा खडक झिजून मुरूम होतो व मुरूम कुजून माती होते. मात्र अतिवृष्टीच्या प्रदेशात पावसाचे पाणी मातीतील चुना व मॅग्नेशियम विरघळवून वाहून नेते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहतात. त्यामुळे मातीस तांबूस रंग येतो व ती बहुधा आम्लधर्मी बनते.

ताज्या बेसाल्टमध्ये स्फुरदाचे प्रमाण शेकडा 0.2 च्या आसपास असते. एक एकर जमिनीच्या वरच्या वीतभर थरात सुमारे नऊ लाख किलो माती असते. मातीत खडकाइतकाच स्फुरद उरला आहे असे क्षणभर मानले, तर एकरी अठराशे किलो स्फुरद भरेल! दहा क्विंटल भाताच्या पिकाला लागतो तो फार तर दहा-बारा किलो. मग पीक स्फुरदावाचून का अडते? कारण उघड आहे. तो साठा पिकाच्या हाती लागत नाही. आम्ल मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदास घट्ट धरून ठेवतात. पेवात धान्य आहे पण तोंड दगडाने बंद आहे, अशी ही स्थिती होय.

यावरून पृथक्करणाचे दोन निरनिराळे प्रकार का आहेत हे ध्यानात येईल. भूगर्भशास्त्रज्ञाला खडकात एकंदर काय आहे हे जाणावयाचे असते. तो खडकाची बारीक पूड करून ती सोडियम कार्बोनेटबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत वितळवितो, किंवा हायड्रोफ्लोरिक आम्लात पूर्णपणे विरघळवितो. अलीकडे क्ष-किरणांच्या यंत्राने ही मोजणी होते. शेतीच्या प्रयोगशाळेला मात्र या एकंदर आकड्याचा उपयोग नाही. तिला पिकाची मुळे जेवढे घेऊ शकतील तेवढेच मोजावयाचे असते. त्यासाठी मातीवर सौम्य द्रावणाचा प्रयोग करतात, म्हणजे मुळांच्या कामाची शक्य तितकी नक्कल करतात. बर्नार्ड डायर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1894 साली यासाठी एक टक्का सायट्रिक आम्ल वापरले. तेव्हापासून निरनिराळ्या जमिनींसाठी निरनिराळी द्रावणे शोधली गेली. भारतात 1955-56 साली अमेरिकेच्या सहकार्याने 16 माती परीक्षण प्रयोगशाळा स्थापन झाल्या आणि हे शास्त्र सर्वसामान्य शेतकऱ्यापर्यंत येऊ लागले.

नऊ लाख किलोंचा प्रतिनिधी

प्रयोगशाळेत आपण अर्धा किलो माती पाठवितो. त्यातून एका कसोटीसाठी एक ग्रॅम, दुसरीसाठी अडीच ग्रॅम, तिसरीसाठी दहा ग्रॅम माती घेतली जाते. एकरातील नऊ लाख किलो म्हणजे नव्वद कोटी ग्रॅम. त्या नव्वद कोटींच्या वतीने हा एक ग्रॅम साक्ष देतो! प्रयोगशाळेतील तराजू कितीही नाजूक असो, साक्षीदारच चुकीचा निवडला गेला तर न्याय होणे नाही. माती परीक्षणातील मोठ्या चुका बहुधा शेतातच घडतात. यास्तव नमुना घेण्याची रीत काळजीपूर्वक पाळावी.

पहिली गोष्ट अशी की, खाचर, वरकस व माळ यांची माती कधीही एकत्र करू नये. एकाच वरकस तुकड्यातही माथ्याची माती उथळ व खडीयुक्त आणि पायथ्याची माती खोल असेल, तर दोन नमुने करावेत. रंग, उतार, खोली व मागील पीक सारखे असेल तेवढ्याच जमिनीचा एक नमुना घ्यावा. तुकडा दहा गुंठ्यांचा असला तरी त्याचा नमुना स्वतंत्रच असावा.

नमुना पीक निघाल्यानंतर, शेणखत वा रासायनिक खत टाकण्यापूर्वी घ्यावा. खत दिल्यावर निदान दोन-तीन महिने नमुना घेऊ नये. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणे निवडावीत. प्रत्येक ठिकाणचा पालापाचोळा बाजूस सारून इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करावा, त्यातील माती काढून टाकावी, आणि मग खड्ड्याच्या बाजूची दोन बोटे जाडीची चकती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यावी. वरकस जमिनीत वीतभर खोलीपूर्वीच मुरूम लागला, तर तेथेच थांबून ती खोली चिठ्ठीवर नोंदवावी.

सर्व ठिकाणची माती स्वच्छ कापडावर एकत्र कालवावी, मोठे खडे व मुळ्या काढाव्यात, ढीग पसरून त्याचे चार सारखे भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत व उरलेले दोन पुन्हा कालवावेत. अर्धा किलो माती उरेपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी. ओली माती सावलीत वाळवावी. उन्हात वा चुलीपाशी नव्हे. नंतर ती स्वच्छ पिशवीत भरून आत शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक, जमिनीचा प्रकार, मागील व पुढील पीक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी घालावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. शाई ओलाव्याने पुसली जाते.

राब, बांध आणि बादली

बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची व गुरे बसण्याच्या जागेची माती घेऊ नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. आपल्या भागात आणखी एक जागा कटाक्षाने टाळली पाहिजे. ती म्हणजे राबाची. शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून रोपांची जागा भाजण्याची ही रीत कोकणात फार जुनी आहे. जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीविषयी 1893 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातही तिची चर्चा आहे. राबाच्या राखेत पालाश व चुना भरपूर असतो आणि राख अल्कधर्मी असते.

समजा, दहा गुंठ्यांच्या तुकड्यात एका गुंठ्यावर राब भाजला आहे आणि नमुना घेणाऱ्याने घाईत बारापैकी पाच खड्डे त्याच मऊ जागी घेतले. निकालात पालाश 'भरपूर' येईल व आम्लताही कमी दिसेल. त्या निकालावर विसंबून शेतकरी पालाश देणार नाही. मग उरलेले नऊ गुंठे पालाशावाचून राहतील, आणि दोष मात्र प्रयोगशाळेच्या माथी येईल. राबाच्या जागेचा कस पाहणे असेल, तर तिचा नमुना वेगळा घ्यावा.

दुसरी चूक भांड्यांची. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती कालवली आणि तिच्यातून अवघा एक मिलिग्रॅम जस्त अर्ध्या किलो मातीत मिसळला, तर नमुन्यात किलोमागे दोन मिलिग्रॅम जस्त वाढतो. पिकाला उपलब्ध जस्ताची किमान मर्यादा सामान्यतः किलोमागे 0.6 मिलिग्रॅम धरतात. डोळ्यास न दिसणारा एवढासा कण 'कमतरता' असलेल्या शेतास 'पुरेसा' असा शिक्का मिळवून देऊ शकतो. म्हणून सूक्ष्म द्रव्यांच्या तपासणीसाठी लाकडी वा प्लॅस्टिकची साधने वापरावीत. रासायनिक खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे.

प्रयोगशाळेत काय होते

नमुना पोहोचल्यावर त्यास नोंद क्रमांक मिळतो. माती सावलीत वाळवून लाकडी मोगरीने ठेचतात व दोन मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून गाळतात. सेंद्रिय कर्बासाठी ती आणखी बारीक करतात.

प्रथम सामू पाहतात. एक भाग माती अडीच भाग शुद्ध पाण्यात ढवळून काचेच्या विद्युतअग्राच्या यंत्राने तो मोजतात. सामू 7 असल्यास जमीन उदासीन, त्याहून कमी असल्यास आम्ल. हे माप दहापटीचे आहे, हे विसरू नये. सामू 6 पेक्षा सामू 5 ची माती दहापट आम्ल असते. त्याच पाण्यातून विद्युतप्रवाह किती सहज वाहतो यावरून विद्राव्य क्षार कळतात. आपल्या डोंगराळ भागात पाऊस क्षार धुऊन नेत असल्याने याची चिंता सहसा नसते.

सेंद्रिय कर्बासाठी वॉकले व ब्लॅक यांनी 1934 साली प्रसिद्ध केलेली पद्धत आजही वापरतात. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण व तीव्र गंधकाम्ल घालतात. त्या उष्णतेत कर्ब जळतो आणि डायक्रोमेट खर्च होते. किती डायक्रोमेट उरले हे फेरस अमोनियम सल्फेटचे थेंब सोडून मोजतात. द्रावण जांभळट निळ्यावरून एकाएकी हिरवे झाले की थांबतात. या क्रियेत सर्व कर्ब जळत नाही, सुमारे 77 टक्केच जळतो. म्हणून उत्तरास 1.3 ने गुणतात.

उपलब्ध नत्रासाठी सुब्बय्या व असिजा या भारतीय शास्त्रज्ञांची 1956 सालची पद्धत देशभर रूढ आहे. पोटॅशियम परमँगनेट व कॉस्टिक सोड्याबरोबर माती तापविली की तिच्यातील सहज सुटणारे नत्र अमोनिया वायूच्या रूपाने बाहेर पडते. ते बोरिक आम्लात धरून मोजतात.

स्फुरदाच्या बाबतीत जमिनीचा प्रकार पाहून द्रावण निवडावे लागते. आम्ल जमिनीसाठी ब्रे व कुर्ट्झ यांचे 1945 सालचे, अमोनियम फ्लोराइड व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण योग्य; उदासीन व चुनखडीच्या जमिनीसाठी ओल्सेन यांचे 1954 सालचे सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण योग्य. फ्लोराइड हे ॲल्युमिनियमला आपल्याकडे ओढून त्याने धरलेला स्फुरद मोकळा करते. पुढे मोलिब्डेटमुळे द्रावणास निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका स्फुरद अधिक. दोन द्रावणांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. कारण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे.

पालाश अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात उतरवून फ्लेम फोटोमीटर यंत्राच्या ज्योतीत फवारतात. पालाशाने ज्योतीस फिकट जांभळा प्रकाश येतो व यंत्र त्याची तीव्रता मोजते. जस्त, लोह, मँगनीज व तांबे यांसाठी लिंडसे व नॉर्वेल यांचे 1978 सालचे डीटीपीए द्रावण वापरतात. दहा ग्रॅम माती वीस मिलिलिटर द्रावणात दोन तास हलवून गाळतात आणि अणुशोषण यंत्रावर मोजतात. या यंत्राचे तत्त्व ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी 1955 साली मांडले. प्रत्येक धातूचे अणू विशिष्ट प्रकाशच शोषून घेतात. किती प्रकाश हरवला यावरून धातू किती हे कळते.

चांगली प्रयोगशाळा स्वतःचीही परीक्षा घेत असते. प्रत्येक तुकडीबरोबर माती न घालता केवळ द्रावणांची एक कोरी कसोटी घेतात, म्हणजे पाण्यातील वा औषधातील अशुद्धता कळते. काही नमुने दोनदा तपासतात; आणि जिचे आकडे आधी निश्चित ठाऊक आहेत अशी माती मधूनमधून तपासून यंत्र बरोबर चालते याची खात्री करतात. कार्यकर्त्यांनी प्रयोगशाळेस भेट देऊन ही व्यवस्था अवश्य पाहावी व शंका असल्यास त्याच नमुन्याची फेरतपासणी मागावी.

निकाल कसा वाचावा

सामान्य वर्गवारीत सेंद्रिय कर्ब 0.50 टक्क्यांहून कमी असल्यास 'कमी' व 0.75 हून अधिक असल्यास 'भरपूर' मानतात. उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोहून कमी असल्यास 'कमी' धरतात. काही प्रयोगशाळा सहा वर्ग करतात. म्हणून निकालावर छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी. 'कमी' वर्गात शिफारशीची मात्रा वाढवावी, 'मध्यम' असल्यास तितकीच द्यावी, 'भरपूर' असल्यास कमी करावी, हा साधा नियम होय.

परंतु खाचर व वरकस यांचा निकाल एकाच रीतीने वाचू नये. प्रयोगशाळेत मोजलेली माती कोरडी असते. खाचरात पाणी साठले की मातीतील हवा नाहीशी होते, आम्ल मातीचा सामू काही आठवड्यांत वर चढून उदासीनतेच्या जवळ येतो आणि लोहाने धरलेला स्फुरद काही अंशी सुटतो. म्हणून कोरड्या मातीचा सामू 5.6 दिसला, एवढ्याच कारणाने भाताच्या खाचरात चुना टाकण्याची घाई करू नये. वरकस जमिनीत पाणी साठत नाही. तेथे आम्लता कायम राहते. तीच संख्या तेथे अधिक गांभीर्याने घ्यावी. चुन्याची मात्रा केवळ सामूवरून न ठरविता प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज तपासून घ्यावी. कडधान्यांना याचा विशेष लाभ होतो.

जस्ताची गोष्ट याच्या उलट आहे. पाणी साठलेल्या खाचरात जस्त पिकास कमी मिळतो. भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडून रोपे खुरटतात, या 'खैरा' विकाराचे मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे, हे पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी 1966 साली दाखवून दिले. खाचराच्या निकालात जस्त मर्यादेच्या आसपास असला, तरी पिकावर लक्ष ठेवावे.

पत्रिका कोणाच्या शेताची?

केंद्र शासनाने 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. या पत्रिकेत बारा बाबींचा निकाल असतो. योजना उत्तम व उपयुक्त आहे. मात्र तिच्या आरंभीच्या वर्षांत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना, असे प्रमाण होते. सपाट, एकजिनसी काळ्या जमिनीत हे चालून जाते. जव्हार-मोखाड्यात दहा हेक्टरांत, म्हणजे सुमारे पंचवीस एकरांत, खाचर, वरकस, माळ, ओढा आणि दहा-पंधरा कुटुंबांचे तुकडे सामावतात. अशी जुनी पत्रिका घरी असेल, तर तिच्यावरील नमुना आपल्या कोणत्या शेताचा, किंबहुना आपल्याच शेताचा आहे काय, हे आधी पाहावे. नसेल, तर ती पत्रिका परिसराची सर्वसाधारण माहिती म्हणून जपावी. आपल्या तुकड्याचे खत मात्र आपल्या नमुन्यावरूनच ठरवावे.

कार्यकर्त्यांना येथे एक सूचना करावीशी वाटते. आठ-दहा पिशव्या एका दिवसात भरण्यापेक्षा एका पाड्यावर सकाळ घालवून शेतकऱ्याच्याच हातून एक नमुना नीट काढून घ्यावा. कोणत्या कोपऱ्यात पूर्वी राब होता, कोठली माती गेल्या पावसात वाहून आली, कोठे नागली पिवळी पडते, हे त्या घरच्या माणसांना, विशेषतः लावणी-निंदणी करणाऱ्या स्त्रियांना, जेवढे ठाऊक असते तेवढे कोणत्याही नकाशात नसते. ही माहिती चिठ्ठीवर लिहून गेली तर प्रयोगशाळेच्या आकड्यांना अर्थ येतो. निकाल आल्यावर तो पाड्यावर वाचून दाखवावा. कागद नुसता हाती देऊन परतू नये.

शेवटी एक गोष्ट. वरकस जमिनीतून जेवढा कस पीक घेते, त्याहून अधिक उतारावरचे पाणी नेते. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी व शेणखत यांची जोड नसेल, तर केवळ परीक्षण करून दिलेले खत ओढ्यास जाऊन मिळेल. माती जागच्या जागी राखणे हे पहिले काम आणि तिचा कस जाणून घेणे हे दुसरे. हे दुसरे काम यंत्रापासून सुरू होत नाही. ते आपल्या हातातील कुदळीपासून, वीतभर खोल खड्ड्यापासून सुरू होते. येत्या उन्हाळ्यात, राब भाजण्यापूर्वी, प्रत्येक घराने आपल्या वरकस व खाचर जमिनीचा एकेक नमुना वेगवेगळा काढून ठेवावा आणि आपल्या गावच्या कार्यकर्त्याकडे द्यावा, अशी शेतकरी बंधू-भगिनींस विनंती आहे.